पाच फूट, पुढं रेघ

सोमवारी आठव्या दिवसाचं पाणी आलं होतं, म्हणून फोन वाजला तेव्हा मी उचलला नाही. आमच्या भागात नळ आला की माणूस घरात असून घरात नसतो. आधी टाकी, मग ड्रम, मग बादल्या, मग पातेली, आणि धार चालूच असेल तर तांबे आणि पेलेसुद्धा. द्वारका होती तेव्हा ती पातेल्यांपर्यंत जायची आणि थांबायची. मी एकटा राहायला लागल्यापासून पेल्यांपर्यंत जातो. एका माणसाला आठ दिवस इतकं पाणी लागत नाही हे मला कळतं, पण भांडं रिकामं दिसलं की हात थांबत नाही. फोन सहाव्यांदा वाजला तेव्हा मी ओल्या हातानं उचलला. पलीकडं फुलंब्रीकडचे सांडू पाटील होते. नमस्कार वगैरे काही नाही. ते म्हणाले, "काकासाहेब, माझा पोरगा एका रात्रीत फूटभर कमी कसा झाला ते सांगा."

काकासाहेब हे माझं पाळण्यातलं नाव आहे. पणजोबांचं ठेवलं. त्यामुळं जन्मल्यापासून मी सगळ्यांचा काका आहे. आमचे वडीलसुद्धा मला काकासाहेब म्हणूनच रागवायचे. असल्या नावाच्या माणसाला लोक लवकर विश्वासात घेतात आणि लवकर जाबही विचारतात. सांडू पाटलांचं म्हणणं असं होतं की त्यांचा विश्वजीत सहा फूट एक इंच आहे, भरतीच्या मैदानावर सरकारनं पट्टी लावून मोजलेला आहे, आणि आमच्या केंद्राच्या यादीत मोबाईलवर तो आज सकाळी पाच फूट दिसतोय. एका मुलीकडचे येणार होते, त्यांनी यादी बघून येणं रद्द केलं. मी म्हटलं, बघतो, टायपिंगची चूक असेल. नळ बंद करायचा राहिला आणि ओट्याखाली पाणी झालं.

औरंगपुऱ्यात गयासच्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, आमचं वधूवर सूचक केंद्र आहे. आमचं म्हणजे द्वारकाचं. मी आधी त्याच खोलीत टायपिंगचे वर्ग घ्यायचो. मशीन गेली, कॉम्प्युटर आले, मी पुस्तकं आणून प्रोग्राम लिहायला शिकलो, आणि द्वारकानं वहीत सुरू केलेली स्थळांची नोंद मी कॉम्प्युटरवर घेतली. प्रोग्राम मी लिहिला याचा मला फार अभिमान होता. लग्नाकार्यात कुणी ओळख करून दिली की मी हळूच तो विषय काढायचो. द्वारका कधी काही म्हणाली नाही. ती त्या खुर्चीवर बसायची आणि अकरा वर्षं स्थळं भरायची. आठ महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी ती चहाचं आधण ठेवून खाली बसली ती उठली नाही. तेव्हापासून खुर्चीवर मी बसतो. खुर्ची तिच्या उंचीची आहे, माझे गुडघे टेबलाला लागतात. खुर्ची वर-खाली करायचा खटका आहे खाली कुठंतरी. मी शोधला नाही.

केंद्रात पोचेपर्यंत आणखी चार फोन झाले. यादी उघडली. पहिला मुलगा पाच फूट. दुसरी मुलगी पाच फूट. तिसरा पाच, चौथा पाच. मी खाली खाली जात राहिलो. एकोणीसशे चव्वेचाळीस माणसं, मुलगे, मुली, विधुर, घटस्फोटित, डॉक्टर, वैजापूरचा तो कांद्याचा व्यापारी ज्याला मी स्वतः दारात वाकताना पाहिलंय, सगळे पाच फूट. मला वर्गातली रांग आठवली, वैजापूरच्या शाळेत मास्तर उंचीप्रमाणं उभं करायचे आणि मी पुढून तिसरा असायचो, आणि मागं कोण आहे हे मला कधीच दिसायचं नाही. असं सगळ्यांना एका उंचीचं केलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटायचं. ते आता झालं होतं. दुपारपर्यंत एकतीस फोन आले. एक गोष्ट मात्र मी टिपून ठेवली: ज्यांची उंची कमी झाली तेच फोन करत होते. ज्यांची वाढली त्यांच्यातल्या एकाच्याही घरून फोन आला नाही.

उंची परत भरता येईल, कागदी अर्ज कपाटात आहेत, असा मी विचार करत होतो. म्हणून विश्वजीतची नोंद आधी उघडली. उंचीच्या वर शेऱ्याचा रकाना आहे. तो लोकांना दिसत नाही, फक्त आम्हाला दिसतो. तिथं लिहिलं होतं, ‘मुलगी ठीक वाटली.’ मी पुढची नोंद उघडली. ‘मुलगी ठीक वाटली.’ कांद्याचा व्यापारी उघडला. ‘मुलगी ठीक वाटली.’ जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं.

शेरे द्वारकाचे होते. स्थळ नोंदवायला आलेल्या माणसांना ती चहा द्यायची, ऐकायची, आणि ते गेल्यावर शेऱ्यात लिहायची. ती असताना मी ते कधी वाचले नाहीत. मला वाटायचं, बायकांचं काहीतरी. ती गेल्यावर चौथ्या महिन्यात एकदा सहज एक उघडला. लिहिलं होतं, ‘वडील म्हणतात शेती चाळीस एकर. चप्पल बघता वीस.’ मी हसलो. त्या खोलीत मी बऱ्याच दिवसांनी हसलो, आणि आवाज ऐकून खालून गयासनं विचारलं कोण आलंय. पुढचा शेरा होता, ‘मुलगा बरा आहे. आई मध्ये मध्ये बोलते. मुलाला एकट्याला विचारावं, त्याला बोलता येतं का ते आधी बघावं.’ मग मी ठरवलं, रोज पाच वाचायचे. जास्त नाही. संपले तर काय, म्हणून पुरवून. सकाळी केंद्र उघडलं, उदबत्ती लावली, की पाच. ती शेजारी बसून बोलल्यासारखं व्हायचं, आणि गंमत म्हणजे ती असताना इतकं कधी बोलली नव्हती, किंवा मी ऐकलं नव्हतं. सहाशे बारापर्यंत पोचलो होतो. तेराशेच्या आसपास राहिले होते. म्हणजे आणखी नऊ महिने ती बोलणार होती. आणि तिच्या जागी आता तेराशे वेळा मी एका मुलीसाठी लिहिलेलं एक वाक्य होतं, तेही इतकं मचूळ.

मी कुणाला फोन करणार, गयासच्या बायकोला केला. हसीना मॅडम कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. द्वारकाची आणि त्यांची मैत्री जुनी, दुपारचा डबा दोघी वर बसून खायच्या. त्या म्हणाल्या, तास संपवून येते, तोवर कशालाही हात लावू नका. कशालाही हात न लावता बसणं मला जमत नाही. मी टेबल पुसलं. दरम्यान गयास वर आला, सगळं ऐकलं, आणि म्हणाला, "काकासाब, मैं पाँच फूट दो इंच. मेरा नाम भी डाल देते तो नुकसान दो ही इंच का था." मी हसलो नाही तसा तो चहा सांगायला खाली गेला.

हसीना मॅडम अडीचला आल्या. त्यांनी विचारलं, शेवटचा बदल कोणता केला. मी आठवलं. रविवारी संध्याकाळी. खुलताबादकडचे पुंजाराम आप्पा, निवृत्त तलाठी, शुक्रवारी नातीला घेऊन आले होते. नात श्रेया, लॅबमध्ये नोकरी करते. अर्ज आप्पांनी स्वतः भरला. आयुष्यभर सातबारे लिहिलेला माणूस, अक्षर मोत्यासारखं, आणि एक सवय: कुठलीही जागा रिकामी सोडायची नाही. नाव संपलं की ओळीच्या टोकापर्यंत रेघ. पत्ता संपला की रेघ. रिकाम्या जागेत मागून कुणी काही घुसडतं, आणि मग कोर्टात वीस वर्षं जातात, हे त्यांनी पाहिलेलं. उंचीच्या रकान्यात त्यांनी इंग्रजी पाच लिहिला, त्यावर फुटाची तिरपी खूण केली, इंच काही नाहीत म्हणून पुढं दोन आडव्या रेघा ओढल्या. श्रेया म्हणाली, "आप्पा, रेघ कशाला? मी काय आता वाढणारंय व्हय?" आप्पा मान वर न करता म्हणाले, "तू नाय वाढायची. लिहिणारा वाढवील."

मी नोंद करताना नुसतं पाच टाकलं. रविवारी आप्पांचा फोन आला की मोबाईलवर पाहिलं, अर्जात आहे तसं नाही. दस्तात आहे तसंच उताऱ्यात आलं पाहिजे. मी म्हटलं, आप्पा, अर्थ तोच आहे. ते म्हणाले, अर्थ तुमच्याकडं ठेवा. मग मी आहे तसं टाकलं: पाच, खूण, दोन रेघा. त्याच वेळी शेराही राहिला होता, तो लिहायला बसलो. द्वारकासारखं काहीतरी लिहावं म्हणून दहा मिनिटं बसलो. मुलगी डोळ्यांसमोर आणली. काही सुचलं नाही. ‘मुलगी ठीक वाटली’ असं लिहिलं आणि बदल जतन करायचं बटण दाबलं. बदल झाला, असं पडद्यावर आलं. माझ्याच प्रोग्राममध्ये मीच लिहून ठेवलेलं वाक्य.

हसीना मॅडमनी प्रोग्राम उघडून बदल जतन करणारी ओळ शोधून काढली आणि बराच वेळ बघत राहिल्या. आधी त्यांना हसू आलं, मग माझा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. म्हणाल्या, भाऊ, तुम्ही हुकूम आणि माहिती एकाच दोऱ्यानं शिवताय. मला कळलं नाही. मी म्हटलं, मग कसं करायचं असतं? तुकडे जोडूनच वाक्य होणार ना. शेरा अमुक कर, उंची तमुक कर, आणि फक्त ह्या क्रमांकाच्या माणसाची कर. अमुकच्या जागी जे टाइप केलं ते चिकटवायचं. अकरा वर्षं असंच चाललंय. त्यांनी टेबलावरचा एक कोरा अर्ज उचलला. "हे बघा. इथं छापलंय ‘अर्जदाराचं नाव’, पुढं जागा. कुणी त्या जागेत ‘साहेबांची बदली झाली’ असं लिहिलं, तर साहेबांची बदली होते का?"

मी म्हटलं, नाही.

"तुमच्या प्रोग्राममध्ये होते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बोट ठेवून सांगितलं, आणि टायपिंग शिकवलेल्या माणसाला ते कळायला हवं होतं. मजकूर कुठं सुरू झाला आणि कुठं संपला हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून मी दोन्ही बाजूंना तिरपी खूण दिली होती. फुटाची खूण तीच. पाचपुढं खूण आली, त्याला वाटलं उंची संपली. त्यापुढं दोन आडव्या रेघा आल्या. दोन रेघांचा त्याच्या भाषेत अर्थ असा की इथून पुढं माणसांच्या आपसातल्या गप्पा आहेत, तू वाचू नकोस. त्यानं वाचलं नाही. आणि ‘फक्त ह्या क्रमांकाच्या माणसाची’ हे शब्द त्या रेघांच्या पुढं होते. म्हणजे सगळ्यांचा शेरा अमुक कर, सगळ्यांची उंची पाच कर, आणि पुढच्या गप्पा. त्यानं सांगितलेलं ऐकलं होतं. पुंजाराम आप्पांनी कुणी घुसू नये म्हणून ओढलेल्या रेघेतून सगळं गाव आत आलं होतं. कागदावर जे कुलूप होतं तीच इथं किल्ली झाली. मला आप्पांचा राग आला नाही. मला राग आला तो वेगळाच. मी विचारलं, मग अकरा वर्षं कसं चाललं? एवढ्या अर्जांत फुटाच्या खुणा होत्याच की.

हसीना मॅडम भिंतीकडं बघायला लागल्या. मग म्हणाल्या, इथं भिंतीला एक कागद होता, भाबींच्या हातचा, तो कुठंय? तो मी तेराव्याच्या आधी काढून खणात टाकला होता. लोक येणार, भिंत बरी दिसावी म्हणून. काढला. जुन्या कॅलेंडरचं पान, मागच्या कोऱ्या बाजूला द्वारकाचं अक्षर, कडेला हळदीचं बोट. फुटाची खूण टाकू नये, शब्दात फूट लिहावं. दोन रेघा कुठंही ओढू नयेत. क्रमांकाचा रकाना भरल्याशिवाय बटण दाबू नये, एकदा दाबलं होतं, यांना सांगितलं नाही. अशा चौदा ओळी. मला पहिल्या वर्षीची एक दुपार आठवली. ती म्हणाली होती, अहो, फुटाची खूण टाकली की हा लाल अक्षरं दाखवतो. मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हटलं, मग टाकू नकोस. ती म्हणाली होती, बरं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मला वाटलं होतं मी प्रोग्राम दुरुस्त केला.

"भाऊ, हा तुमचा प्रोग्राम," हसीना मॅडम कागद धरून म्हणाल्या. "अर्धा मशीनमध्ये, अर्धा भिंतीवर. तुम्ही भिंतीवरचा काढला."

मला लग्नातल्या ओळखी आठवल्या. हे आमचे काकासाहेब, यांनी स्वतः प्रोग्राम लिहिलाय. आणि ती मागं बायकांत बसलेली. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय असायचं हे मी आठवायचा प्रयत्न केला. मला फक्त साडीचा रंग आठवला.

मग नक्कल कुठं आहे हा प्रश्न आला. द्वारका दर शनिवारी सगळ्या नोंदींची नक्कल पेनड्राइव्हवर काढायची. तो पेनड्राइव्ह एकदा मी भजनं भरायला घेतला आणि आधी सगळं पुसलं. त्या दिवशीही ती रागावली नाही. दुसरा आणला आणि कुठं ठेवते ते सांगणं बंद केलं. हसीना मॅडमनाही एवढंच माहीत होतं की स्वयंपाकघरात आहे, भाबी म्हणायच्या, यांचा हात पोचत नाही अशा जागी. आम्ही तिघं घरी आलो. ओटा सकाळच्या पाण्यानं अजून ओला होता. गयासनं फळीवरचे डबे उतरवले. मी आठ महिने मुगाची खिचडी खातोय, त्यामुळं तांदूळ आणि मूग यांत नसणार हे मला माहीत होतं. तूर, हरभरा, मटकी. शेंगदाण्यात नाही. साबुदाण्यात नाही. गयास प्रत्येक डब्यात कोपरापर्यंत हात घालत होता आणि म्हणत होता, "काकासाब, ये कितने बरस का है?" हसीना मॅडम मध्ये उभ्या राहून विचार करत होत्या. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय खात नाही? मी म्हटलं, मेथी. लहानपणी पोटासाठी रोज सकाळी भिजवलेले मेथीदाणे द्यायचे, तेव्हापासून वासही नको वाटतो. मेथीदाण्यांचा डबा सगळ्यात पुढं, माझ्या डोळ्यांच्या रेषेत होता. पेनड्राइव्ह त्यातच निघाला, प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. इतकी वर्षं तो डबा बाजूला सरकवून मी साखर घेत होतो.

केंद्रात येऊन हसीना मॅडमनी आधी त्याच्या तीन नकला केल्या आणि एक स्वतःच्या पर्समध्ये टाकली; माझ्याकडं बघून टाकली. मग जुन्या नोंदी परत बसवल्या. एकोणीसशे सात. शेवटची तारीख ती गेली त्याच्या आदल्या दिवसाची, शनिवारची. पुढच्या सदतीस माझ्या होत्या, त्या गेल्या, त्यांचे अर्ज होते. मी विश्वजीत उघडला. सहा फूट एक इंच, शब्दात. शेरा: ‘दारातून येताना वाकला. नम्र म्हणून नव्हे, चौकट लहान. पण पाणी दिलेल्या बाईला नाव विचारलं, ते बरं वाटलं.’ मी सांडू पाटलांना फोन लावून सांगितलं, पोरगा परत मोठा झाला. ते म्हणाले, "झाला ना? मग आता तसाच राहू द्या." मग मी सहाशे तेरा उघडला, नुसता आहे का बघायला, आणि न वाचता बंद केला. उद्याचा होता.

हुकूम नवीन लिहायचा होता. हसीना मॅडम खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, प्रोग्राम तुमचा, हात तुमचे. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. आता वाक्यात माणसांनी भरलेलं काही चिकटवायचं नाही. वाक्य आधीच पूर्ण ठरवून द्यायचं आणि जिथं माहिती येणार तिथं नुसतं प्रश्नचिन्ह. उंची, बरोबर, प्रश्नचिन्ह. क्रमांक, बरोबर, प्रश्नचिन्ह. कॉम्प्युटर हे वाक्य समजून घेतो, मनात पक्कं करतो, आणि मग माहिती वेगळ्या दारानं येते. त्या जागेत खूण येवो, रेघा येवोत, साहेबांची बदली येवो, ती नुसती त्या जागेत बसून राहते. वाक्याला हात लावू शकत नाही. आणि पूर्वी एक गोष्ट बदलली तरी शेरा आणि उंची दोन्ही परत लिहिले जायचे. आता जे बदललं तेवढंच. मी ओळ पाहिली. दोन प्रश्नचिन्हं, दोन रिकाम्या जागा. पुंजाराम आप्पांनी पाहिली असती तर लगेच रेघ ओढली असती. मलाही बरं वाटत नव्हतं. रिकामी जागा म्हटली की ती भरायची असते असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ही तशीच ठेवायची होती, आणि तशी ठेवली म्हणून बाकीचं शाबूत राहणार होतं.

चाचणी घ्यायला हवी. त्याच विषानं, असं हसीना मॅडम म्हणाल्या, पाच, खूण, दोन रेघा. कुठल्या नोंदीवर? त्या म्हणाल्या, एक नंबर आहे ना, तुमचीच. ती मी विसरलो होतो. अकरा वर्षांपूर्वी प्रोग्राम झाला तेव्हा पहिली नोंद चाचणीसाठी मी माझीच टाकली होती. काकासाहेब, विवाहित, पाच फूट चार इंच. ती काढायची राहिली. हसीना मॅडमनी सांगितलं की भाबी दर शनिवारी नक्कल काढायच्या आधी त्या नोंदीच्या शेऱ्यात काहीतरी टाइप करून बघायच्या, जातंय ना म्हणून. मनात येईल ते. मी वाचताना दोन नंबरपासून सुरुवात केली होती. स्वतःची नोंद कोण वाचतं? उघडली. शेऱ्यात होतं, ‘चाचणी. गिरणीत दळण ठेवलंय, पिवळ्या झाकणाचा डबा. संध्याकाळी आणा. चालता चालता पायही मोकळे होतील.’

त्या शनिवारी संध्याकाळी मी खाली गयासच्या दुकानात बसलो होतो. ती वरून काही म्हणाली असेल. मी आणतो म्हणालो असेन. आणतो असं मी नेहमीच म्हणायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी दळणाचं कुणाला आठवणार? पिवळ्या झाकणाचा डबा दिसत नाही हे नंतर लक्षात आलं होतं, पण तेराव्याला इतके नातेवाईक आले, कुणीतरी नेला असेल असं मला वाटलं, आणि मनातल्या मनात मी तो आळ वैजापूरच्या चुलत मेहुणीवर घेतला होता. तिच्याशी आठ महिने नीट बोललो नव्हतो.

"दुसरी नोंद घ्या," मी म्हटलं. "कुठलीही घ्या. ही नको."

हसीना मॅडमनी शेरा वाचला होता. त्यांनी नव्या वाक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "भाऊ, ह्या वाक्यात शेऱ्याचं नावच नाही. ज्याचं नाव नाही त्याला ते हात लावणार नाही. दुसऱ्याच्या लेकरावर चाचणी घ्यायची, ती भाबींनी कधी घेतली नाही." गयास दारात चहाचे पेले घेऊन उभा होता, तो आत आला नाही. मी माझ्याच नोंदीत उंचीच्या जागी पाच लिहिलं, वर तिरपी खूण दिली, आणि द्वारकाच्या कागदावर ओढू नयेत असं लिहिलेलं असतानाही दोन रेघा ओढल्या. बटणावर बोट ठेवलं. टायपिंगच्या वर्गात मी मुलांना सांगायचो, बोट उचललं की अक्षर पडतं असं नाही, बोट टेकलं की पडतं, म्हणून टेकायच्या आधी विचार करा. दाबलं. पडद्यावर आलं, ‘बदललेल्या नोंदी: १’. ही ओळ हसीना मॅडमनी नवीन घालायला लावली होती. मी नोंद उघडली. उंचीच्या जागी पाच, खूण, दोन रेघा, आहेत तशा. शेऱ्यात पिवळ्या झाकणाचा डबा, गिरणी, संध्याकाळ, पाय. दोन नंबरवाला पाच फूट नऊ होता तो नऊच होता. हसीना मॅडम म्हणाल्या, आता तुमची उंची परत चार इंच वाढवा. मी म्हटलं, राहू द्या. द्वारका पाच फूट होती. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं तिला पाटावर उभं केलं होतं, बरोबरीचं दिसावं म्हणून. आता पाट लागणार नाही.

प्रोग्राममध्ये असं शिवलेल्या जागा एकेचाळीस निघाल्या. त्या उसवायला चार दिवस लागले. मग सदतीस नोंदी परत भरल्या. श्रेयाच्या शेऱ्याशी येऊन अडलो. या वेळी मुलगी डोळ्यांसमोर न आणता फक्त ती काय बोलली ते आठवलं, आणि लिहिलं, ‘आजोबांना तोंडावर उत्तर देते. आजोबांना ते आवडतं.’ फार चांगलं नाही. पण एकाच मुलीचं आहे. वैजापूरला मेहुणीला फोन केला, उगाच, तब्येत कशी म्हणून. तिला संशय आला.

गिरणीत गेलो तो शुक्रवार होता. गिरणीवाले रामकिसन पंच्याला हात पुसत बाहेर आले. मी म्हटलं, आठ महिन्यांपूर्वी दळण ठेवलं होतं. त्यांनी मला खालीवर पाहिलं. "वहिनीचा पिवळा डबा ना? म्हटलं येईल कुणीतरी. पिठात सोंडे झाले, ते कबुतरांना घातलं. डबा धुऊन ठेवलाय." दळणाचे किती म्हणून मी खिशात हात घातला तर ते रागावले. पीठ तुम्ही खाल्लं का, म्हणाले. मी डबा घेऊन चालत आलो. लांबचा रस्ता घेतला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी टाकी भरली, ड्रम भरले, बादल्या भरल्या, आणि फोन वाजला. नळ चालू ठेवून मी तो खांद्याशी धरला. पुंजाराम आप्पा होते. म्हणाले, यादी पाहिली, आता दस्ताप्रमाणं आहे. पण दुसरी रेघ जरा आखूड वाटते. पुढं जागा राहिलीय, उद्या कुणी काही लिहिलं तर? मी म्हटलं, आप्पा, आता कुणी काही लिहिलं तरी ते त्या जागेतच राहतं. ते म्हणाले, हे तुम्ही लेखी देता का? मी देतो म्हटलं. पातेली भरत आली होती. पिवळ्या झाकणाचा डबा ओट्याच्या कोपऱ्यात कोरडा, रिकामा होता, त्याच्या मागं तांबे आणि पेले. धार अजून जोरात होती. मी पातेल्यांपर्यंत गेलो आणि नळ बंद केला.